छडा लावणारे वाचक : न सुटलेले ग्रामीण खून, हौशी शोधक आणि साहित्य

१

एखाद्या लहान गावात खून होतो, गुन्हेगार सापडत नाही, आणि काही वर्षांनी पोलीस आपले कागद बासनात बांधून ठेवतात. कायद्याचे काम तेथे थांबते. त्या गावाशी ज्यांचा कसलाही संबंध नाही अशा माणसांचे काम मात्र अनेकदा तेथूनच सुरू होते. ही माणसे जुनी वृत्तपत्रे चाळतात, जबान्या एकमेकींशी ताडून पाहतात, घराचे नकाशे काढतात आणि कोण कोठे झोपले होते, कोणते दार उघडे होते यावर तावातावाने वाद घालतात. संगणकाच्या महाजालाने गेल्या दोन-अडीच दशकांत या उद्योगाला जगभर पसरवले आहे. त्याकडे पाहणारे बहुधा दोन टोकांना जातात. काहींना त्यात लोकशाहीचा विस्तार दिसतो, काहींना विकृत कुतूहल दिसते. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे हा व्यवहार नवा आहे.

प्रस्तुत निबंधात हे गृहीतक तपासून पाहायचे आहे. हौशी तपासाचा इतिहास किमान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे नेता येतो. इतकेच नव्हे, तर हा व्यवहार मूलतः वाचनाचा आहे, आणि म्हणून तो साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो, असे येथील प्रतिपादन आहे. त्यासाठी दोन प्रकरणे निवडली आहेत. पहिले इंग्लंडमधील रोड या खेड्यातील, १८६० सालचे. दुसरे बव्हेरियातील हिंटरकाइफेक या एकाकी शेतवाडीवरील, १९२२ सालचे. दोहोंवर हौशी शोधकांच्या अनेक पिढ्या पोसल्या गेल्या आणि दोहोंतून एकेक महत्त्वाची कादंबरी निघाली. पहिल्या प्रकरणात पुढे कबुलीजबाब मिळाला, दुसऱ्यात आजतागायत काहीच हाती लागले नाही. या फरकामुळे त्यांची तुलना अधिक उपयोगी ठरते. रहस्यकथा वाचण्याची रीत खऱ्या गावाला लावली की तिची किंमत कोणाला मोजावी लागते, हा या तुलनेमागचा मुख्य प्रश्न आहे.

२

केवळ वृत्तपत्रे वाचून खुनाचा छडा लावता येईल, हा विश्वास साहित्यात प्रथम ठळकपणे मांडला तो एडगर ॲलन पो याने. १८४१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कमधील मेरी रॉजर्स या तरुणीचे प्रेत हडसन नदीत सापडले. पो याने ती घटना पॅरिसमध्ये नेली, नावे बदलली, आणि १८४२-४३ मध्ये तीन हप्त्यांत ‘द मिस्टरी ऑफ मरी रोजे’ ही कथा प्रसिद्ध केली. तिच्यातील द्यूपाँ घटनास्थळी जात नाही. तो बातम्यांची कात्रणे वाचतो आणि त्यांतील विसंगती दाखवतो. हप्ते चालू असतानाच खऱ्या प्रकरणात नवी माहिती पुढे आली, आणि १८४५ च्या ग्रंथावृत्तीत पोला आपल्या मजकुरात फेरफार करावे लागले. वास्तवाने कथेला दिलेला हा पहिला झटका होता. खऱ्या खुनाची संहिता कोणा लेखकाने रचलेली नसते आणि शेवटचे पान लिहून ठेवलेले नसते, हे त्यातून स्पष्ट झाले.

महानगरातील ही घटना अनोळखी गर्दीतील होती. गावातील खुनाचे तसे नसते. तेथे सारे एकमेकांना ओळखतात, म्हणून संशयितांची यादी जणू आधीच तयार असते. १८६० च्या २९ जूनच्या रात्री विल्टशर आणि सॉमरसेट या परगण्यांच्या सीमेवरील रोड गावी, सॅम्युएल केंट या कारखाना-निरीक्षकाच्या मोठ्या घरातून त्याचा जवळजवळ चार वर्षांचा मुलगा सॅव्हिल नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी आवारातील शौचकूपात त्याचे प्रेत सापडले. गळा चिरलेला होता. दिवाणखान्याची खिडकी उघडी होती, पण घरात बाहेरून कोणी आल्याची खूण नव्हती. खुनी त्या रात्री त्याच छपराखाली झोपलेल्यांपैकी असणार, असा तर्क लवकरच रूढ झाला.

घरातील नात्यांची गुंतागुंत या तर्काला पोषक होती. केंटची दुसरी पत्नी ही पूर्वी त्याच घरात मुलांना शिकवण्यासाठी ठेवलेली बाई होती. पहिल्या पत्नीची मुले आणि दुसरीची मुले यांना मिळणाऱ्या वागणुकीत फरक होता. स्थानिक पोलिसांना काही सुचेना, तेव्हा स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर हा निरीक्षक जुलैच्या मध्यास गावी आला. एक रात्रीचा झगा गायब आहे या एकाच धाग्यावरून त्याने पहिल्या पत्नीची सोळा वर्षांची मुलगी कॉन्स्टन्स हिच्यावर संशय घेतला आणि तिला अटक करविली. आठवड्याभरात तिला जामिनावर सोडण्यात आले. एका सभ्य घरातील मुलीवर कामगार वर्गातून वर आलेल्या पोलिसाने असा आरोप करावा, हे जनमताला रुचले नाही. व्हिचरची नाचक्की झाली.

यापुढील घडामोड आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. साऱ्या इंग्लंडातून वृत्तपत्रांकडे, गृहमंत्र्यांकडे आणि स्कॉटलंड यार्डकडे पत्रे येऊ लागली. पत्रलेखकांपैकी बहुतेकांनी रोड गाव पाहिलेही नव्हते. वृत्तपत्रांत जबान्या आणि घराची वर्णने तपशीलवार छापून येत होती, आणि त्यांच्या बळावर प्रत्येक जण आपापली उपपत्ती मांडत होता. गृहखात्याकडे आलेली अशी पत्रे यार्डकडे पाठवली जात आणि त्यांवर अभिप्राय लिहिण्याचे काम अपमानित व्हिचरच्याच वाट्याला येई. चार्ल्स डिकन्ससारखा लेखकही यातून सुटला नाही. बाप आणि दाई यांच्या संबंधांना मुलगा साक्षी झाला आणि म्हणून त्याचा जीव गेला, अशी आपली उपपत्ती त्याने विल्की कॉलिन्सला खाजगी पत्रातून कळवली. ती पुढे टिकली नाही. तरीही इंग्रजीतील एवढा मोठा कादंबरीकार खऱ्या माणसांकडे कादंबरीतील पात्रांच्या नजरेने पाहतो आणि त्यांच्यासाठी एक कथानक सुचवतो, ही गोष्ट वाचनाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

दाईचे नाव एलिझाबेथ गॉफ. ती एका पाववाल्याची बावीस वर्षांची मुलगी होती आणि मुलाच्याच खोलीत झोपत असे. पहाटे पाचच्या सुमारास तिला मूल जागेवर दिसले नाही. आईने त्याला आपल्याकडे नेले असेल, असे वाटून ती पुन्हा झोपली. रोजच्या आयुष्यात असे घडण्यात विशेष काही नाही. वाचकांच्या दृष्टीने मात्र हा ‘दुवा’ ठरला. तिने आरडाओरडा का केला नाही? घोंगडी नाहीशी झाल्याचे तिला नेमके केव्हा कळले? कॉन्स्टन्स सुटल्यावर संशयाचा सारा भार या पगारी मुलीवर आला. सप्टेंबरच्या अखेरीस तिला अटक झाली. ऑक्टोबरच्या आरंभी पुराव्याअभावी तिला सोडून द्यावे लागले. मालकाच्या मुलीविषयी जो विवेक जनमताने दाखवला तो मोलकरणीच्या वाट्याला आला नाही.

हौशी तपास सर्वस्वी निष्फळ असतो, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टॉमस साँडर्स नावाच्या एका स्थानिक न्यायाधिकाऱ्याने कोणी न सांगता स्वतःच जाहीर चौकशी मांडली. गावगप्पा, ऐकीव गोष्टी, तर्कवितर्क असे सारे काही तो भर सभेत नोंदवू लागला आणि वृत्तपत्रांच्या थट्टेचा विषय झाला. पण याच हास्यास्पद चौकशीत एक गोष्ट उघडकीला आली. खुनाच्या दिवशीच स्वयंपाकघरातील बंबाच्या चुलीत रक्ताळलेले एक अंतर्वस्त्र पोलिसांना सापडले होते आणि त्यांनी ते लपवून ठेवले होते. अधिकृत तपासाने दडपलेला तपशील हौशी माणसाच्या अव्यवस्थित कुतूहलातून बाहेर आला. या परंपरेचे बळ आणि तिचा धोका दोन्ही अशा प्रकारे तिच्या आरंभापासूनच एकत्र आहेत.

एप्रिल १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने लंडनमध्ये न्यायाधिकाऱ्यापुढे येऊन गुन्हा कबूल केला. मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती जन्मठेपेत बदलली, आणि वीस वर्षांनी, १८८५ मध्ये ती सुटली. व्हिचरचा तर्क बरोबर होता, पण १८६४ मध्येच प्रकृतीच्या कारणाने तो सेवेतून बाहेर पडला होता. तिच्या कबुलीतील तपशील वैद्यकीय पुराव्याशी पुरते जुळत नव्हते, त्यामुळे वाद शमला नाही. ती एकटी होती का, हा प्रश्न विसाव्या शतकातही चर्चिला गेला. केट समरस्केल यांनी २००८ मध्ये व्हिचरवर लिहिलेल्या ग्रंथातही तो पुन्हा उपस्थित होतो. कबुलीजबाबसुद्धा वाचकाला शेवटचे पान वाटत नाही, हे या दीर्घ उत्तरायुष्यावरून दिसते.

३

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ मध्ये डिकन्सच्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. रोड प्रकरणाचे तिच्यावरील ऋण समीक्षकांनी वारंवार दाखवले आहे. खेड्यातील मोठे घर, आत कोणीतरी गुन्हेगार असल्याची जाणीव, लंडनहून आलेला पोलीस अधिकारी, डागाळलेला रात्रीचा झगा, घरातील मुलीवर येणारा संशय अशी सारी सामग्री ओळखीची आहे. कॉलिन्सने केलेले बदल मात्र अधिक बोलके आहेत. मुलाच्या खुनाच्या जागी हिऱ्याची चोरी आली, रक्ताच्या डागाच्या जागी रंगाचा डाग आला. ज्या गोष्टीकडे पाहणे असह्य होते तिला कॉलिन्सने रंजनाच्या मर्यादेत आणून ठेवले, आणि पुढच्या रहस्यकथेला घरंदाज स्वरूप मिळण्याची वाट येथे मोकळी झाली.

भारतीय अभ्यासकाला या कादंबरीतील हिरा श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीतील आहे हे ठाऊक असते, आणि वसाहतवादाच्या अंगाने तिचे वाचन आपल्याकडे बरेच झाले आहे. येथे तिच्या दुसऱ्या एका अंगाकडे लक्ष वेधायचे आहे. घरात चोरी होताच पहिला संशय दाराशी आलेल्या तीन हिंदी माणसांवर जातो, आणि तो फोल ठरल्यावर रोझॅना स्पिअरमन या मोलकरणीवर. परका आणि नोकर ही संशयाची दोन ठरलेली ठिकाणे आहेत, आणि त्यांचा क्रम कॉलिन्सने अचूक टिपला आहे. बेटरेज हा वृद्ध कारभारी आपल्यात शिरलेल्या शोधाच्या ओढीला तापाचे नाव देतो. घरातील साऱ्यांना हा ताप चढतो आणि रोझॅना त्यात बळी जाते. ती वाळूच्या दलदलीत जीव देते.

कॉलिन्सने एलिझाबेथ गॉफच्या वाट्याला न आलेली एक गोष्ट रोझॅनाला दिली. तिच्या मृत्यूनंतर तिचे दीर्घ पत्र उघडले जाते आणि घरातल्या सभ्य माणसांना ती प्रथमच स्वतःच्या शब्दांत भेटते. ते पत्र वाचणारा फ्रँकलिन ब्लेक हा चोराच्या शोधासाठी सर्वांत अधीर झालेला माणूस आहे, आणि अफूच्या अमलाखाली नकळत हिरा उचलणाराही तोच निघतो. कफ हा निष्णात अधिकारीसुद्धा घरातील मुलीवर चुकीचा संशय घेतो. वास्तवात व्हिचर बरोबर ठरला असल्याचे १८६५ नंतर सर्वांना माहीत होते. असे असताना कॉलिन्सने आपल्या अधिकाऱ्याला चुकवले. ही कादंबरी अनेक साक्षीदारांच्या निवेदनांची बनलेली आहे आणि त्यांपैकी कोणालाही संपूर्ण सत्य ठाऊक नाही. शोधणाऱ्याने स्वतःकडेही संशयाने पाहावे, ही तिची शिकवण पुढील काळातल्या रहस्यकथेने फारशी मनावर घेतली नाही.

४

हिंटरकाइफेक हे म्यूनिखच्या उत्तरेस, इंगोलश्टाट आणि श्रोबेनहाउझेन यांच्या दरम्यान, जंगलाच्या कडेला असलेले एकटे शेतघर होते. ३१ मार्च १९२२ च्या संध्याकाळी किंवा रात्री तेथील सहाही माणसे मारली गेली. आंद्रेआस ग्रूबर हा त्रेसष्ट वर्षांचा शेतकरी, त्याची पत्नी त्सेत्सिलिया, त्यांची विधवा मुलगी विक्टोरिया गाब्रिएल, तिची सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा योसेफ, आणि मोलकरीण मारिया बाउमगार्टनर. चार प्रेते कोठारात होती, मोलकरणीचे आणि लहान मुलाचे घरात. ४ एप्रिलला शेजाऱ्यांना ती सापडली. मधल्या दिवसांत गुरांना चारा मिळाला होता आणि धुराड्यातून धूरही निघताना दिसला होता. खुनी तेथेच राहिला असावा, हा निष्कर्ष त्यावरून काढला गेला.

घटनेपूर्वीच्या काही गोष्टी गावकऱ्यांना आठवत होत्या. जंगलातून घराकडे आलेली, पण परत न गेलेली पावले बर्फात उमटल्याचे ग्रूबरने शेजाऱ्यांना सांगितले होते. घराची एक किल्ली हरवली होती. आधीची मोलकरीण, घरात काहीतरी वावरते असे वाटून, नोकरी सोडून गेली होती. अशा तपशिलांमुळे हे प्रकरण एखाद्या तयार कथानकासारखे भासते. पण तपशील कथानकासारखे भासतात ते शेवट ठाऊक असल्यावर. मार्चच्या अखेरीस बर्फात दिसलेली पावले ही त्या वेळी केवळ पावले होती. मागून वाचणाऱ्याला साऱ्याच गोष्टी सूचक वाटतात, आणि तेथेच वाचकाची नजर साक्षीदाराच्या नजरेपासून वेगळी होते.

तपासात आरंभीच हेळसांड झाली. पोलीस येण्यापूर्वी अनेक माणसे घरात वावरून गेली होती. एक लाख मार्कांचे इनाम जाहीर झाले. मृतांची मस्तके वेगळी करून म्यूनिखला नेण्यात आली आणि अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्यांपुढेही ठेवण्यात आली. त्यातून काही निष्पन्न झाले नाही आणि ती परतही आली नाहीत. मृतांचे दफन वाइडहोफेनच्या स्मशानभूमीत मस्तकांवाचून झाले. १९२३ मध्ये घर पाडताना खुनाचे हत्यार, एक कुदळ, माळ्यावर सापडली. शंभराहून अधिक संशयितांची चौकशी झाली. १९५५ मध्ये प्रकरण बंद करण्यात आले, तरी तुरळक जबाब १९८६ पर्यंत नोंदवले जात होते.

या घराविषयी गावात एक गोष्ट आधीपासून बोलली जात होती. बाप आणि मुलगी यांच्यातील निषिद्ध संबंधांबद्दल १९१५ मध्ये न्यायालयाने दोघांना शिक्षा केली होती. बापाला एक वर्ष, मुलीला एक महिना. हौशी चर्चेत हा निकाल नेहमी ‘हेतू’ म्हणून येतो. विक्टोरियाच्या दोन वर्षांच्या मुलाचा बाप कोण, या प्रश्नाभोवती सारी उपपत्ती उभी केली जाते. तत्कालीन कायद्याने मुलीलाही अपराधी मानले होते. बापाच्या घरात राहणाऱ्या स्त्रीला नकाराचे किती स्वातंत्र्य होते हा प्रश्न त्या निकालाने विचारला नाही, आणि पुढील शोधकांपैकी फार थोड्यांनी विचारला. कोडे सोडवण्याच्या घाईत विक्टोरियाचे आयुष्य एका दुव्याएवढे उरते.

मारिया बाउमगार्टनरची स्थिती याहून बिकट आहे. ती त्याच दिवशी, म्हणजे ३१ मार्चला, कामावर रुजू झाली होती. त्या घराच्या वैराशी, जमिनीशी, नात्यांशी तिचा काही संबंध नव्हता. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक उपपत्तीत ती निरुपयोगी ठरते. खुनाचे कारण तिच्यापाशी नाही म्हणून तिच्याविषयी लिहिण्यासारखेही काही राहत नाही. रोडमध्ये मोलकरीण वाचकांना जरुरीपेक्षा अधिक सूचक वाटली, हिंटरकाइफेकमध्ये ती मुळीच सूचक वाटली नाही. दोन्ही ठिकाणी तिचे मोल कथानकाच्या गरजेने ठरले.

संशय टिकून राहिला तो एका शेजाऱ्यावर. प्रेते शोधणाऱ्यांत तो होता आणि विक्टोरियाशी त्याचे संबंध होते. त्याच्यावर कधी खटला भरला गेला नाही. त्याला ‘हिंटरकाइफेकचा खुनी’ म्हणणाऱ्यांविरुद्ध त्याने अब्रुनुकसानीचे दावे केले आणि ते जिंकलेही. १९४१ मध्ये तो मरण पावला. त्याचे नाव सर्वत्र उपलब्ध आहे. प्रस्तुत निबंधाच्या प्रतिपादनाला त्याची गरज नसल्यामुळे ते येथे दिलेले नाही.

५

आन्द्रेआ मारिया शेंकेल यांची ‘टान्नोड’ ही छोटी कादंबरी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जर्मनीत अतिशय गाजली. त्यांनी घटना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात नेली, गावाला आणि माणसांना नवी नावे दिली. शेजारी, शिक्षक, टपालवाला, पाद्री अशा गावकऱ्यांची निवेदने एकामागून एक येतात आणि त्यांच्यामध्ये मृतांसाठी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेचे तुकडे येतात. ‘मूनस्टोन’शी तिचे रचनासाम्य उघड आहे, पण साक्षींचे कार्य वेगळे आहे. कॉलिन्सचे साक्षीदार एका प्रकट संयोजकाच्या विनंतीवरून लिहितात आणि सत्याकडे सरकतात. शेंकेल यांचे गावकरी बोलता बोलता स्वतःलाच उघडे करतात. घरात काय चालले होते हे अनेकांना ठाऊक होते आणि कोणी काही केले नाही, ही गोष्ट त्यांच्या बोलण्यातून हळूहळू जमा होते. दोषाचा प्रश्न एका माणसापुरता राहत नाही, तो गावाच्या मौनापर्यंत पोहोचतो. नव्याने आलेल्या मोलकरणीच्या पहिल्या आणि शेवटच्या संध्याकाळला कादंबरीत जागा आहे. इतिहासाने जिला वगळले तिच्यापाशी कादंबरी क्षणभर थांबते.

शेंकेल खुनी कोण हेही सांगतात. नावे आणि काळ बदलल्यामुळे कादंबरीला हे स्वातंत्र्य मिळते. तिचा शेवट तिच्याच जगाला लागू असतो. या स्वातंत्र्याची सीमा न्यायालयातही तपासली गेली. पेटर लॉयश्नर या पत्रकाराने १९७८ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये या प्रकरणावर ग्रंथ लिहिले होते. शेंकेल यांनी आपल्या ग्रंथाची उचल केली, असा दावा त्यांनी लावला. म्यूनिखच्या न्यायालयाने २००८ मध्ये तो फेटाळला. घडलेल्या गोष्टी कोणाच्याही मालकीच्या नसतात, या तत्त्वाने लेखकाला मुक्तता मिळते. पण ज्या तत्त्वाने कथा मोकळी होते त्याच तत्त्वाने मृतांचे आयुष्यही सर्वांसाठी खुले होते. त्यांच्या वतीने दावा लावणारे कोणी नसते.

६

महाजालाने या परंपरेत कोणता बदल केला? पहिला बदल सामग्रीच्या उपलब्धतेचा. हिंटरकाइफेकच्या अभ्यासकांनी जबान्यांच्या नकला, नकाशे, वंशावळी आणि जुनी छायाचित्रे चिकाटीने एकत्र केली आहेत. व्यावसायिक इतिहासकाराला हेवा वाटावा असे त्यातील काही काम आहे. दुसरा बदल वर्तुळाच्या विस्ताराचा. बिल जेम्स हे अमेरिकेतील बेसबॉलच्या सांख्यिकीसाठी प्रसिद्ध असलेले लेखक. त्यांनी आपली मुलगी रेचेल मकार्थी जेम्स हिच्यासह २०१७ मध्ये ‘द मॅन फ्रॉम द ट्रेन’ हा ग्रंथ लिहिला. आयोवा राज्यातील व्हिलिस्का या लहान गावी जून १९१२ मध्ये एका घरातील आठ माणसे कुऱ्हाडीने मारली गेली, आणि तो खूनही उलगडला नाही. जेम्स यांनी संगणकावर आलेल्या जुन्या वृत्तपत्रांतून रेल्वेमार्गालगतच्या तशाच अनेक खुनांची मालिका जुळवली आणि त्यामागे एकच फिरस्ता मजूर असल्याचे सुचवले. तोच माणूस पुढे जर्मनीत परतून हिंटरकाइफेकला पोहोचला असेल काय, अशी शक्यताही त्यांनी चाचपली. या शेवटच्या शक्यतेला पुरावा नाही. तरी ग्रंथाची दिशा लक्षणीय आहे. गावातील प्रत्येक खुनी गावातलाच असतो, या रहस्यकथेच्या गृहीतकामुळे शेजाऱ्यांवर आणि नातेवाइकांवर निष्कारण संशय आले, हे तो ग्रंथ दाखवतो. परक्यावर संशय घेण्याची जुनी खोड मात्र त्यातून नव्या रूपाने परत येऊ शकते.

तिसरा बदल वेगाचा आहे आणि तो सर्वांत गंभीर. १८६० मध्ये पत्रलेखक आणि छापील पान यांच्यामध्ये निदान एक संपादक असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या मॉस्को या विद्यापीठनगरीत चार विद्यार्थ्यांचे खून झाले. पोलिसांचा तपास चालू असतानाच तेथील एका प्राध्यापिकेवर समाजमाध्यमांवरील चित्रफितींतून थेट आरोप करण्यात आला, आणि आरोपाचा आधार भविष्य सांगण्याचे पत्ते हा होता. त्या बाईंचा प्रकरणाशी संबंध नव्हता. २०२४ मध्ये संघीय न्यायालयाने बदनामीच्या दाव्यात त्यांच्या बाजूने निर्णय दिला. २०२५ च्या जुलैमध्ये दुसऱ्याच एका माणसाने चारही खुनांची कबुली दिली. येथे सोसावे लागले ते सुशिक्षित, न्यायालयात जाऊ शकणाऱ्या व्यक्तीला. गॉफपाशी तेवढेही साधन नव्हते.

७

२००७ मध्ये फ्युर्स्टनफेल्डब्रुक येथील पोलीस प्रबोधिनीच्या विद्यार्थ्यांनी हिंटरकाइफेकचे सारे कागद आधुनिक पद्धतीने पुन्हा तपासले. पुरावे नष्ट झाले आहेत, साक्षीदार हयात नाहीत, त्यामुळे गुन्हा निर्णायकपणे उलगडणे आता शक्य नाही, असे त्यांनी नोंदवले. एका संशयिताविषयी त्यांचे एकमत झाले, परंतु त्याचे वंशज हयात असल्याने त्यांनी नाव जाहीर केले नाही. अनेक वाचकांची त्यामुळे निराशा झाली. वाङ्मयीन दृष्टीने मात्र ही कृती विलक्षण आहे. शेवटचे पान आपल्यापाशी आहे असे वाटत असूनही ते न छापण्याचा निर्णय रहस्यकथेच्या साऱ्या संकेतांविरुद्ध जातो. अनुमान आणि निवाडा यांच्यातील अंतर तो राखतो.

हे अंतर समजण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. आपल्याकडील तपासाच्या व्यवहारात पंचनामा हा शब्द आहे. पंच म्हणून बोलावलेली माणसे पोलीस नसतात, तज्ज्ञही नसतात. ती तेथली साधी, हौशीच म्हणावीत अशी माणसे असतात. पण त्यांची सही असते ती डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींखाली. दार उघडे होते, झगा नव्हता, बर्फात पावले होती, एवढेच त्यांनी सांगायचे असते. बोलीत मात्र एखाद्याचा पंचनामा करणे म्हणजे त्याची लक्तरे चव्हाट्यावर मांडणे. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत दीडशे वर्षांच्या हौशी तपासाचा इतिहास सामावलेला आहे. साँडर्सच्या चौकशीने दडवलेले वस्त्र बाहेर आणले, तेव्हा ती पहिल्या अर्थाने पंचनामा होती. गॉफच्या झोपेचा अर्थ लावणारी पत्रे दुसऱ्या अर्थाने.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या व्यवहाराला रंजनाचा हीन प्रकार म्हणून बाजूला सारू नये. साक्षींची तुलना, विसंगतीचा शोध, रिकाम्या जागा भरण्याची ओढ ही आपलीही साधने आहेत. आपण ती ज्यांच्यावर वापरतो ती पात्रे बहुधा कागदावरची असतात, त्यांना शेजारी नसतात आणि वंशज नसतात. ‘मूनस्टोन’ आणि ‘टान्नोड’ या दोन्ही कादंबऱ्यांनी वास्तवातील रिकामी जागा भरली, पण तसे करताना नावे बदलली आणि वगळलेल्या स्त्रीला बोलू दिले. न सुटलेल्या खुनाचे वाचन करणाऱ्याकडून याहून कमी अपेक्षा ठेवता येणार नाही. हिंटरकाइफेकची जागा आज नांगरलेले शेत आहे आणि जवळच एक लहान स्मारक उभे आहे. तेथे स्मरण आहे ते सहा माणसांचे, आणि त्यांत त्या दिवशी दुपारी सामान घेऊन आलेली मारिया बाउमगार्टनरही आहे.